बागांची सहल विकलीत, बाग दाखवली नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय: सिंत्रा, पोर्तुगाल येथील उद्यान सहलीबाबत तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवा कक्षाकडून काल संदेश आला की आमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. ती निकाली निघालेली नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. सहलीची कार्यक्रमपत्रिका तुमच्याकडे आहेच, ती समोर घेऊन वाचा.

सिंत्राच्या दिवसासमोर तुम्ही छापलंय: पेना राजवाडा व उद्यान, प्रवेश साडेदहा, दुपारी मोन्सेराते उद्यान, सोबत उद्यानतज्ज्ञ मार्गदर्शक, कॅमेलियाचा बहर. यातलं एकही धड झालं नाही.

आधी साडेदहाचं. पेनाच्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दारातली असते, खालच्या फाटकावरची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, चालत अर्धा तास धरावा लागतो. आतल्या बसने जायचं तर तिचे पैसे वेगळे आणि तिलाही रांग. उशिरा आलेल्याला सूट नाही. म्हणजे हिशेब मागून मांडायचा: दारात साडेदहा, फाटकावर फार तर पावणेदहा, त्याआधी सिंत्रा स्थानकावरून ४३४ क्रमांकाची बस आणि तिची रांग, त्याआधी लिस्बनच्या रोसियो स्थानकातून सुमारे ४० मिनिटांची ट्रेन. आठच्या सुमारास लिस्बन सोडलं तरच हे जमतं. तुमच्या माणसाने आम्हाला साडेदहाला फाटकावर आणलं. प्रवेश तिथेच बुडाला. मग दुपारच्या तिकिटांसाठी त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं, तिकिटं मिळाली नाहीत ती नाहीतच, आणि बागेचा वेळ त्या रांगेत गेला.

राजवाडा आतून बघायला मिळाला नाही, ते एक वेळ सोसलं असतं. बागेचं सोसवत नाही. १७५५ च्या भूकंपात मोडकळीस आलेला मठ पोर्तुगालचा राजा फर्दिनांद दुसरा याने १८३८ मध्ये घेतला, तो दुरुस्त करून त्याला जोडून किल्ल्यासारखा राजवाडा उभा केला आणि भोवतीच्या बोडक्या डोंगरावर जगभरची झाडं लावून घेतली. आज ते सुमारे ८५ हेक्टरचं उद्यान आहे. ते बघायचं तर राजवाड्याकडून ५२८ मीटर उंचीच्या क्रुझ आल्ता शिखरावर जायचं, मग उतरत उतरत राणीची नेचेबाग (फर्नची बाग), कॅमेलियाची बाग, आणि शेवटी तळ्यांच्या घळीतून खालच्या फाटकाने बाहेर. नुसतं चालायला तीन तास हवेत. डोंगरावर समुद्राकडचं धुकं अडतं, पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यामुळे पकड असलेले बूट लागतात. यातली एक सूचनाही तुमच्या पत्रिकेत नाही. आम्हाला फाटकाजवळच्या वाटेवर थोडं फिरवून परत बसकडे नेलं.

त्या थोडक्या वेळातही तुमच्या 'उद्यानतज्ज्ञा'ने वृक्षनेच्याकडे, म्हणजे झाडासारख्या वाढणाऱ्या फर्नकडे, बोट दाखवून तो माड असल्याचं सांगितलं. हे कोणाला, तर फोंड्याच्या कुळागरवाल्यांना (माड-पोफळीच्या बागायतदारांना) आणि नर्सरीवाल्यांना! वृक्षनेच्याचं खोड हे लाकूड नसतंच, मुळांचा आणि जुन्या देठांचा गच्च थर असतो तो. कोरड्या दिवसांत पाणी त्या खोडावरही घालावं लागतं, नुसतं बुंध्याशी देऊन भागत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची ही झाडं त्या धुक्याच्या घळीत कशी तग धरतात, पाणी कसं खेळवलंय, हे विचारायला तर आम्ही गेलो होतो. आणि कॅमेलिया हिवाळ्यात फुलतो, एप्रिलपर्यंत सरतो. मे महिन्याच्या सहलीच्या पत्रिकेत त्याचा बहर छापणं ही शुद्ध फसवणूक आहे.

मोन्सेराते तर वेळ नाही म्हणून गाळलंच. सिंत्रा गावापासून ते चारेक किलोमीटर, ४३५ क्रमांकाची बस तिथे जाते. ती जागा १७१८ मध्ये काएतानो द मेलो इ कास्त्रो यांनी विकत घेतली, आणि त्याआधी ते इथेच, गोव्यात, व्हाइसरॉय होते. पुढे १८६३ मध्ये इंग्रज व्यापारी फ्रान्सिस कुकने ती घेतली आणि बाग घडवली: ओल्या घळीत नेचे, उन्हाच्या कोरड्या उतारावर मेक्सिकोचे घायपात आणि युका. एकाच डोंगरावर दोन हवामानं कशी सांभाळायची, हे शिकण्यासारखं. गोव्यातल्या गटाला ही जागा महत्त्वाची आहे, हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवलं होतं.

आता तुमच्या कक्षातलं संभाषण. तुम्ही रेकॉर्डिंग करता, ते काढून ऐका. बाईंनी विचारलं, "सर, राजवाडा बघितलात ना?" बाहेरून, असं सांगितलं. "मग फोटो तर आले ना?" बागेचं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, "सर, झाडं बघायला कोण पोर्तुगालला जातं? गोव्यात झाडं कमी आहेत का?" सहलीचं नावच उद्यान सहल आहे, असं सांगितल्यावर फोन बराच वेळ होल्डवर. परत येऊन म्हणाल्या, "सिस्टीममध्ये भेट पूर्ण झालीय, तिकीट स्कॅन झालंय. आणि फाटकातून आत गेलात म्हणजे बागेतूनच चाललात की." वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं तर साहेब मीटिंगमध्ये. ज्या गोष्टीचे पैसे तुम्ही घेतलेत, ती बघण्यासारखीच नाही असं तुमचाच माणूस ग्राहकाला सांगतो! याचा फार राग आहे. पहिल्या सहली चांगल्या केल्या होत्यात, म्हणून भरवसा ठेवला होता.

मागणी अशी: बुडालेल्या राजवाडा प्रवेशाचे, मोन्सेरातेच्या तिकीट व प्रवासाचे आणि उद्यानतज्ज्ञाच्या नावाखाली लावलेले पैसे गटातल्या प्रत्येकाला परत करा. साडेदहा ही दाराची वेळ आहे हे कोणाला माहीत नव्हतं, याचा लेखी खुलासा द्या. पुढच्या पत्रिकेतून मे महिन्यातला कॅमेलिया काढा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल होईल. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे प्रकरण गोव्यातच चालेल. पत्रिका, तिकिटं आणि बुकिंगचा पत्रव्यवहार यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपल्या सहलीतील फोंड्याच्या गटातर्फे