गडकरी साहेब, टँकरच्या दाखल्यावर एक ओळ वाढवा

मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी मिरजेचा. एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, केमिस्ट म्हणून 27 वर्षं काढली, आता घरी बसलोय. दीड एकर ऊस आहे, तो धाकटा भाऊ बघतो. आमच्या घरातली शिक्षणं, लग्नं सगळी मळीवर झाली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं की हा कुणीतरी पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा वैरी दिसतोय.

पेट्रोलियम खातं तुमच्याकडे नाही आणि इथेनॉलचे दर तुम्ही ठरवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण इथेनॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तुमचाच चेहरा येतो. अन्नदाता ऊर्जादाता होईल हे तुम्ही गावोगावच्या व्यासपीठांवरून इतकी वर्षं सांगताय की त्या शब्दांवर तुमचाच शिक्का बसलाय. शिवाय पत्र मराठीत लिहिलं तर तुम्ही ते स्वतः वाचाल, मधल्या कुणाकडून सारांश घ्यायला नको.

माझं मागणं एका ओळीचं आहे. ती ओळ कुठे हवी हे कळण्यासाठी तुम्हाला आमच्या आसवनीच्या गेटवर न्यावं लागेल.

तेल कंपनीच्या डेपोला जाणारा टँकर भरला की त्याच्या प्रत्येक कप्प्यातून नमुना काढायचा. नळकांड्यात ओतून हायड्रोमीटर सोडायचा, थर्मामीटर बुडवायचा, घनता तापमानाप्रमाणे दुरुस्त करून लिहायची. पाण्याचं प्रमाण वेगळं तपासायचं, कारण इथेनॉलमधलं पाणी शोषणारे मॉलिक्युलर सीव्हचे मणी दमले की पाणी हळूच वर चढतं, आणि असा टँकर डेपोवरून परत आला की आधी केमिस्टलाच शोधतात. मग आम्लता, मग रंग, गढूळपणा. शेवटी सील, सीलचे नंबर आणि ड्रायव्हरच्या हातात तपासणीचा दाखला. रात्री दोन वाजता पावसात, टॉर्च तोंडात धरून, ते नंबर लिहिलेत मी.

त्या दाखल्यावर सगळं असतं. हे इथेनॉल तयार होताना हवेत किती कार्बन गेला, एवढंच नसतं. आणि आपण जगाला तर सांगतो की हा सगळा खटाटोप हवामानासाठी चाललाय.

काचेच्या नळकांड्यात सगळं इथेनॉल सारखंच दिसतं, पाण्यासारखं. पण ते आलं कुठून यावर सगळं अवलंबून. एक टन उसाची साखर काढून झाल्यावर जी सी हेवी मळी उरते, तिच्यातून 10-11 लिटर इथेनॉल निघतं. तोच टनभर ऊस साखर न काढता थेट रसावर चालवला तर 70 लिटर. पहिल्या प्रकारात शेताचं पाणी, युरिया, ट्रॅक्टरचं डिझेल हा बहुतेक बोजा साखरेच्या खात्यावर जातो, कारण मळीसाठी म्हणून ऊस कुणी लावत नाही. दुसऱ्या प्रकारात तो सगळा बोजा इथेनॉलच्या डोक्यावर. युरियाचा विषय साधा समजू नका. शेतात टाकलेल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. भाऊ उसाला डोस टाकतो तेव्हा त्याला हे मी सांगून बघितलंय. "मग टनेज तू देणार का?" असं त्यानं विचारलं. विषय संपला.

मग बॉयलर. हंगामात बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून वाफ होते, तो कार्बन उसानंच हवेतून ओढलेला असतो, त्यामुळे हिशेब हलका. पण आसवनी हंगाम संपल्यावरही चालते. एका वर्षी बगॅसला बाहेर बरा भाव आला म्हणून आमच्याकडचा बराचसा विकला गेला आणि मे-जूनमध्ये बॉयलर कोळशावर आला. मार्चच्या टँकरचा दाखला आणि जूनच्या टँकरचा दाखला मी एकदा शेजारीशेजारी ठेवून बघितले. सील नंबर आणि तारीख सोडली तर अक्षराचा फरक नव्हता. डेपोत दोघांची एकच टाकी, सरकारी आकडेवारीत दोघांचं पुण्य सारखं.

आता दर बघा. 2024-25 च्या पुरवठा वर्षात सी हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागे 57 रुपये 97 पैसे होते. बी हेवीला, म्हणजे थोडी साखर मळीतच ठेवून केलेल्याला, 60.73, रसाच्या इथेनॉलला 65.61 आणि मक्याच्या इथेनॉलला 71.86. हे दर कच्च्या मालाच्या खर्चावरून ठरतात, ते समजू शकतं. पण नुसती कार्बनची वही उघडली तर ही उतरंड उलटी दिसते. जो माल टाकाऊ मळीतून, शेतावर वेगळा बोजा न टाकता येतो, त्याला सगळ्यात कमी पैसे. बगॅस वाचवून, स्पेंटवॉशचा, म्हणजे आसवनीच्या सांडपाण्याचा, गॅस करून वाफ काढणारा आणि कोळसा ओढणारा, दोघांना दर सारखाच. मग कुणी कशाला धडपड करावी?

ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं नीती आयोगाच्या अभ्यासाचा हवाला देऊन सांगितलं की पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलनं हरितगृह वायू 65 टक्के कमी होतात आणि मक्याच्या इथेनॉलनं 50 टक्के. हे आकडे मी मानून चालतो. तरी हिशेब करून बघा. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे 20 टक्के मिसळलं तरी टाकीतल्या ऊर्जेत इथेनॉलचा वाटा 14 टक्क्यांच्या आसपास. त्याच्या 65 टक्के म्हणजे गाडीमागे बचत सुमारे 9 टक्के, मक्याच्या बाबतीत 7. वाईट नाही. पण ही सरासरी आहे साहेब, आणि सरासरीच्या आड मार्चचा टँकर आणि जूनचा टँकर दोघेही लपतात.

20 टक्के इथेनॉलनं मायलेज किती घटतं या भांडणात मी पडत नाही, त्यावर 2025 मध्ये पुरेसा धुरळा उडाला आणि 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं या मिश्रणाविरुद्धची याचिकाही फेटाळली. एवढंच म्हणतो, की नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या मोटारींची इंधन-कार्यक्षमता 6 ते 7 टक्के घटेल असं लिहिलं होतं, आणि त्याची भरपाई म्हणून करात सवलतीचा विचार करावा असंही. पहिलं वाक्य खरं ठरवण्यात आपण वेळ घालवला. दुसरं मागेच राहिलं.

मक्याबद्दल मात्र जरा थांबावं लागेल. 2025-26 साठी तेल कंपन्यांनी साधारण 1048 कोटी लिटरचं वाटप केलं, त्यात ऊस-मळीचा वाटा 289 कोटी. बाकी सगळं धान्य. इथेनॉल म्हणजे ऊस हे आमच्या पट्ट्यातल्या लोकांच्या डोक्यातलं चित्र आता जुनं झालंय. मका निर्यात करणारा आपला देश 2024 मध्ये आयात करू लागला, म्यानमार आणि युक्रेनमधून. कोंबडीखाद्यवाले ओरडले. मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला आम्ही डीडीजीएस म्हणतो, तो स्वस्त पशुखाद्य म्हणून बाजारात आला आणि सोयापेंडीचं गिऱ्हाईक गेलं. लातूरच्या आडतीवर 2024-25 मध्ये सोयाबीन हमीभावाखाली विकलं गेलं, त्यामागच्या चार-पाच कारणांत हेही एक आहे. त्यात भर म्हणून अन्न महामंडळाचा तांदूळ, 2024-25 साठी 52 लाख टन, क्विंटलला 2250 रुपयांनी. भातखाचरात साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, तो कुणाच्या वहीत? 'जादाचा साठा' म्हटलं की तो आपोआप शून्य होतो काय?

अमेरिकेत 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निष्कर्ष निघाला की नव्यानं नांगराखाली आलेली जमीन धरली तर तिथल्या मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा हलकं तर नाहीच, उलट 24 टक्के किंवा जास्तच जड असण्याची शक्यता आहे. त्यावर तिथे वाद आहेत, आणि त्यांचा मका वेगळा, आपला वेगळा. पण वाद घालायला त्यांच्याकडे मोजमाप तरी आहे.

आता माझ्या गावाचं. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळून बघायचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतलं एक ठिकाण मिरज होतं. मनमाड आणि बरेली ही दुसरी. याचा आम्हाला तेव्हा कोण अभिमान. पंधरा वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, त्याच मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. नंतरच्या गाड्यांत 25 लाख. मी बघायला गेलो होतो. वाघिणींना हार घातले होते.

नीती आयोगाच्याच आराखड्यात लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे 2860 लिटर पाणी लागतं. म्हणजे त्या पहिल्या गाडीचं पाणी 175 लिटर इथेनॉलचं. रसापासून केलेला 20 हजार लिटरचा एक टँकर घेतला तर 25 लाख लिटरच्या जवळपास 23 गाड्या. यात पावसाचं पाणी आलं, आणि मळीच्या इथेनॉलला हा आकडा जसाच्या तसा लावणं अन्यायाचं आहे, हेही मीच सांगतो. तरी प्लॅटफॉर्मवर हार बघताना माझ्या डोक्यात हा भागाकार चालू होता.

गंमत अशी की मोजता येत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला देशी शाश्वत विमान इंधन मिसळून प्रवासी विमान गेलं. 2027 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असं 1 टक्का इंधन मिसळायचं उद्दिष्ट आपण ठेवलंय. तिथे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, शेतापासून पंखापर्यंतचा कार्बन प्रमाणित केल्याशिवाय ते इंधन हिशेबात धरत नाहीत. ब्राझीलमध्ये 2017 च्या रेनोवाबायो कायद्यानं प्रमाणपत्र घेणाऱ्या कारखान्याला त्याच्या कार्बनप्रमाणे गुण मिळतात, आणि त्या गुणांवर विकता येणारे रोखे. विमानाच्या इंधनाची नाडी बघायची आणि मोटारसायकलच्या अल्कोहोलला नुसता नमस्कार करायचा, हे बरोबर दिसत नाही. 2023 च्या जी-20 परिषदेत जागतिक जैवइंधन आघाडी आपणच उभी केली. ब्राझील, अमेरिका बसलेल्या त्या टेबलावर कुणी विचारलं की तुमचं लिटर कितीचं, तर सरासरी सांगणार?

मोजणं अवघडही नाही. बॉयलरला काय जळतं याची नोंद पाळीपाळीला होते. वाफ, वीज, सगळ्याची वही असते. सांडपाण्याचे ऑनलाइन मीटर प्रदूषण मंडळाला जोडलेले आहेत. शेताकडचा भाग कठीण, हे मान्य. दर पडताळणीत अख्खा तालुका ठिबकवर निघेल आणि पाचट कुणीच जाळत नसेल, एवढं मी आमच्या लोकांना ओळखतो. म्हणून सुरुवात बॉयलरपासून करा. कोळसा वजनकाट्यावरून येतो, त्याला जीएसटीचं बिल असतं, तो लपत नाही. शेतासाठी सध्या जिल्ह्याची सरासरी धरा. आणि त्या आकड्यावर लिटरमागे रुपया-दोन रुपये वरखाली करा. बघा, जून महिन्यात बगॅस विकायला कोण जातं ते. आमचे संचालक हवामान परिषदेला घाबरत नाहीत, दराला घाबरतात.

घाई का, असं विचाराल. 2003 च्या सुमारास सरकारनं मोगली एरंडाची मोहीम काढली होती, जट्रोफाचं बायोडिझेल. वडिलांनी बांधाला शे-दीडशे रोपं लावली. डिझेलमध्ये 20 टक्के मिसळायचं, असे आकडे तेव्हाही होते. बी विकत घ्यायला कुणी फिरकलंच नाही. झाडं अजून आहेत, शेळ्याही तोंड लावत नाहीत. इथेनॉलचं तसं होणार नाही, त्याला गिऱ्हाईक आहे, कारखाने आहेत. पण 20 च्या पुढे 27, 30 अशी भाषा सुरू झालीय, आणि त्यासाठी उभ्या राहणाऱ्या नव्या आसवन्यांचे बॉयलर पुढची पंचवीस वर्षं तेच जाळणार, जे आज ठरेल. आमच्याच भागात धान्यावरच्या दोन उभ्या राहिल्यात. अंगणात कोळसा दिसतो.

पेट्रोलियम मंत्र्यांशी तुम्ही एकदा बोलावं, एवढीच विनंती. सोबत आमच्या वेळच्या दाखल्याचा कोरा नमुना जोडला आहे. आम्लतेच्या खाली पेनानं एक रेघ मारून जागा ठेवली आहे. तिथे इंधनाच्या ऊर्जेच्या एककामागे किती कार्बन ते लिहायचं: 'कार्बन, ग्रॅम प्रति मेगाज्यूल'. सहीची जागा थोडी खाली सरकवावी लागेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आसवनी केमिस्ट
मिरज, जि. सांगली