उदंचन प्रकल्पांचा पुरता हिशेब मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सह्याद्रीत उदंचन (म्हणजे पाणी पंपाने वर चढवून वीज साठवणारे) जलविद्युत प्रकल्प उभारण्याचे अनेक करार राज्य शासनाने गेल्या काही वर्षांत केले असून, त्यांच्या बातम्या ‘इतक्या हजार मेगावॉट विजेची निर्मिती होणार’ अशा मथळ्यांखाली छापल्या जातात. माझा या प्रकल्पांना सरसकट विरोध नाही. परंतु या मथळ्यातील ‘निर्मिती’ हा शब्द वाचकाची दिशाभूल करणारा आहे.

खोपोलीच्या वीजकेंद्रात 1915 पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी कोकणात सोडून वीज तयार होते. कोयनेचे पाणीही सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीकडे उतरते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. या दोन्ही ठिकाणी पाणी वर नेऊन ठेवण्याचे कष्ट सूर्य आणि मोसमी वारे घेतात, त्यामुळे तेथे जी वीज मिळते ती खरोखरच नव्याने मिळालेली असते. उदंचन प्रकल्पात मात्र पायथ्याच्या जलाशयातील पाणी विजेच्याच बळावर वरच्या जलाशयात चढवावे लागते आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली सोडून टर्बाइन फिरवले जाते. चढउतारातील तोटा लक्षात घेता शंभर युनिट परत मिळवण्यासाठी साधारणपणे सव्वाशे ते एकशे तीस युनिट खर्ची पडतात. सव्वाशे रुपये ठेव घेऊन शंभरच परत करणाऱ्या पेढीला कमाईचे साधन कोणी म्हणणार नाही. तरीही अशा पेढीची गरज पडते, कारण सौरऊर्जा दुपारी भरपूर असते आणि घराघरांत दिवे लागतात तेव्हा ती संपलेली असते.

आमच्या अकोले तालुक्यातील घाटघर येथे असा 250 मेगावॉटचा प्रकल्प आधीपासून आहे. वरचे धरण प्रवरेच्या उगमाकडील भागात, खालचे शहापूर तालुक्यात चोंढे येथे आणि मध्ये सुमारे चारशे मीटरचा कडा, अशी त्याची रचना आहे. एवढ्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी सोडले तर जवळपास एक युनिट वीज मिळते. हा प्रकल्प आखला गेला तो रात्रीच्या शिलकी विजेवर पाणी चढवण्यासाठी, आणि ती वीज मुख्यतः कोळशाची होती. तेव्हा उदंचन प्रकल्प आपोआप ‘हरित’ ठरत नाही. पाणी चढवणारी वीज जितकी स्वच्छ, तितकाच तो स्वच्छ. नव्या प्रकल्पांचे पंप दुपारी सौरविजेवर चालणार की रात्री औष्णिक विजेवर, हे करारात लिहिलेले असावे आणि लोकांना वाचता यावे.

साठवणुकीच्या प्रकल्पाचे माप केवळ मेगावॉटमध्ये सांगणे हेही अपुरेच आहे. मेगावॉट म्हणजे वीज देण्याचा वेग. तो वेग किती तास टिकणार हे सांगितल्याशिवाय साठा किती आहे ते कळत नाही. एक हजार मेगावॉट सहा तास म्हणजे साठ लाख युनिट, आणि चारशे मीटर उंचीचा फरक असेल तर त्यासाठी सुमारे साठ लाख घनमीटर पाणी, म्हणजे एका टीएमसीचा साधारण पाचवा हिस्सा. तेच पाणी फिरून फिरून वापरले जात असल्याने ‘प्रकल्प पाणी पिऊन टाकेल’ ही भीती काहीशी अतिरंजित आहे, असे माझे मत आहे. पहिल्या वर्षीचा भरणा आणि दरवर्षीचे बाष्पीभवन कोणाच्या वाट्यातून जाणार, हा प्रश्न मात्र उरतोच. घाटघर–रतनवाडीच्या पावसाचे आकडे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतात. त्याच डोंगररांगांतील पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. पलीकडे मुंबईची तहान भागवणाऱ्या धरणांच्या शहापूर तालुक्यातही टँकर फिरतात. पाणी उचलण्याची यंत्रणा दाराशी येणार असेल तर तीतून या वस्त्यांना पिण्याचे पाणी देण्याची अट मंजुरीतच का असू नये?

पाण्यापेक्षा मोठा प्रश्न जमिनीचा आहे. दोन जलाशय, रस्ते, बोगद्यांतून निघणारा दगड टाकण्याच्या जागा आणि वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांची रांग यांसाठी जी जमीन लागते, ती बहुतेक ठिकाणी वनजमीन किंवा आदिवासींच्या वहिवाटीची असते. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे 1996 च्या पेसा कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि वनजमिनीवरील दावे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आधी निकाली निघायला हवेत. करार मुंबईत आणि ग्रामसभा नंतर, हा क्रम उलटा आहे. मुळशीच्या धरणग्रस्तांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला होता, आणि कोयनेच्या विस्थापितांना पुनर्वसनासाठी अजूनही आंदोलने करावी लागतात. तेव्हा नव्या आश्वासनांवर डोंगरातल्या माणसाने चटकन विश्वास ठेवावा, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

शासनाने प्रत्येक प्रकल्पाचा तपशील मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी, मंजुरीपूर्वी उपलब्ध करून द्यावा. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती आहे की अशी बातमी छापताना मेगावॉटच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी आवर्जून द्याव्यात : वीज किती तास मिळणार, पाणी चढवण्यासाठी किती वीज लागणार आणि ती कोठून येणार.

आपला,
एक वाचक
अकोले, जि. अहिल्यानगर