एक्स-रे किती स्पष्ट, तेवढेच किती डोसमध्ये काढला तेही पाहा

संपादक महोदय,

डिजिटल एक्स-रे यंत्रांवरच्या आपल्या लेखाचा सूर ‘पिक्सेल जितके जास्त, तितकी प्रतिमा चांगली’ असा होता. एक्स-रे विभागात आयुष्य गेल्यामुळे ते वाचून राहवले नाही.

पिक्सेल लहान असला की बारीक रेषा सुट्या दिसतात, हे खरे. पण छातीच्या एक्स-रेत फिकट गाठ हरवते ती बहुधा दाणेदारपणात. क्ष-किरणांचे कण डिटेक्टरवर, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीवर, पावसाच्या थेंबांसारखे कुठेही पडतात. कमी पडले की चित्रावर ठिपके उठतात. डोस, म्हणजे किरणांची मात्रा, चौपट केला, तर हा दाणेदारपणा निम्म्यावर येतो. तो चौपट डोस अर्थात रुग्णाच्या शरीरातून जातो.

फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची आणि चूक तिथेच उघडी पडायची. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर उजेड सारखा करून देते, त्यामुळे जादा डोसचे चित्र उलट अधिकच स्वच्छ दिसते. आमच्याकडे नवे यंत्र आले तेव्हा दोन-चार चित्रे दाणेदार म्हणून परत आली. आम्ही एमएएस, म्हणजे किती किरण सोडायचे ते ठरवणारी यंत्रावरची मात्रा, वाढवला. चित्रांचे कौतुक झाले आणि पुढचे कित्येक महिने आम्ही तो वाढीव डोस देत राहिलो. त्याची खंत मला आजही आहे.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल आयोगाने २००८ साली एक मानक आणले. प्रत्येक चित्रासोबत विचलनाचा आकडा येतो: शून्य म्हणजे ठरवलेल्या पातळीवर, अधिक ३ म्हणजे डिटेक्टरवर जवळजवळ दुप्पट किरण, उणे ३ म्हणजे निम्मे. मात्र ती पातळी विभागाने स्वतः ठरवायची असते. तीच चढी ठेवली तर शून्यालाही अर्थ उरत नाही.

यंत्र निवडताना पाहायचा आकडा म्हणजे डीक्यूई (डिटेक्टिव्ह क्वांटम एफिशियन्सी). डिटेक्टरवर आलेल्या किरणांतली किती माहिती चित्रात खरोखर उतरली, हे तो सांगतो. त्यासाठी धातूच्या तिरप्या ठेवलेल्या सरळ कडेचे चित्र घेऊन ती कड किती धूसर झाली ते पाहतात, आणि कोऱ्या, सपाट चित्रातला नॉइज, म्हणजे तोच दाणेदारपणा, मोजतात. जुन्या सीआर प्लेटचा (एक्स-रे काढल्यावर वेगळ्या यंत्रात वाचावी लागणारी प्लेट) डीक्यूई साधारण २५ ते ३० टक्के, तर सीझियम आयोडाइडचा थर असलेल्या चांगल्या फ्लॅट पॅनेलचा (चित्र थेट संगणकाला देणाऱ्या डिटेक्टरचा) ६० टक्क्यांच्या वर. म्हणजे तेवढ्याच दाणेदारपणाचे चित्र निम्म्याहून कमी डोसमध्ये! बारीक तपशिलाकडे जाताना हा आकडा घसरतो, म्हणून विक्रेत्याकडे एका आकड्यावर समाधान न मानता पूर्ण आलेख मागावा.

डीक्यूई फक्त डिटेक्टरचा. शरीरात विखुरलेले किरण, ते अडवणारी जाळी म्हणजे ग्रिड, ट्यूबमध्ये किरण जिथून निघतात तो फोकल स्पॉट हे त्यात येत नाहीत. त्यासाठी लहान-मोठ्या, खोल-उथळ छिद्रांच्या फॅन्टमचे, म्हणजे चाचणीसाठीच्या ठोकळ्याचे, चित्र घेऊन कोणते छिद्र कुठपर्यंत दिसते ते नोंदवावे लागते. हे काम किचकट आणि वेळखाऊ आहे, म्हणूनच ते टळत राहते. खरेदीच्या दिवशी एकदा केले आणि संपले, असे त्याचे होऊ नये. डिटेक्टरही म्हातारे होतात.

पुढच्या लेखात पिक्सेलच्या संख्येशेजारी डीक्यूईचा आकडाही छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ