तो अर्ज सही करून ठेवलाय

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्र

चि. माई हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला मी नुसतं 'हं, हं' करतो, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितोय.

मंगाईच्या यात्रेला आलीस तेव्हा तू पिशवीतून कॉलेजचा, तुझ्या मनाच्या आजारासाठी सोय मागायचा अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला होतास. वर कानडी, खाली इंग्रजी. कानडी मी अजून अक्षर अक्षर लावून वाचतो, पण 'विकलचेतन', म्हणजे दिव्यांग, हा शब्द मला एका झटक्यात वाचता आला. पुढचं वाचलंच नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मटण रटरटतंय, आणि मी तुला म्हणालो, "हातपाय धड आहेत की तुझे! उद्या स्थळं यायला लागली की हाच कागद कुणीतरी काढून दाखवील." तू कागदाची चार घडी केलीस आणि माडीवर गेलीस. आजीने जिन्यातून विचारलं, "का गं, रडालीस काय?" तू म्हणालीस, कांदा चिरला. कांदे त्या दिवशी काकूने चिरले होते. मला ते कळलं होतं. तरी मी पाहुण्यांना वाढायला गेलो.

तुला वीस पूर्ण झाली. त्या कागदावर बापाची सही नसती तरी कायद्याने तुझं काही अडलं नसतं. तरी तू मागितलीस, हे मला नंतर चार दिवस माग चालवताना टोचत राहिलं.

मग खानापूरला जाऊन आपल्या वकील दादाला भेटलो. त्याने दोन चहा होईपर्यंत माझी शाळा घेतली. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यात एकवीस प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यातलाच एक. साधी उदासी नव्हे. विचार, मन, आठवण यांवर इतका परिणाम होतो की रोजचं काम निभत नाही, असा आजार. मी विचारलं, मग टक्के काढून सर्टिफिकेट आणायचं का? तर तो म्हणाला, मामा, दोन गोष्टींची गल्लत करू नका. राखीव जागा वगैरे हवं असेल तर चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. तो देताना माणूस स्वतःचं आवरतो कसा, लोकांत मिसळतो कसा, बोललेलं समजतं का, काम होतं का, याचे गुण मांडतात. पण वर्गात, परीक्षेत लागणारी सोय मागायला ती चाळीसची अट नाही. लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या एका मुलाला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता, तो सुप्रीम कोर्टात गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला जिंकला. तेव्हा दाखल्याचं पुढे बघू. काढायचा की नाही ते तू ठरव, मी त्यात तोंड घालणार नाही.

सोय म्हटल्यावर मला आधी वाटलं, म्हणजे मार्क वाढवून मागायचे. मग घरी जेवायला बसलो. तू नव्हतीस, तुझा भाऊ माझ्या डावीकडे बसला होता आणि त्याचं एक वाक्य धड कळेना. तेव्हा लक्षात आलं, तू चौथीत असल्यापासून माझ्या उजव्या हाताला बसतेस. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात डावा कान गेला, ते मी कुणाला सांगितलं नाही. बँकेत क्लार्क काय म्हणतो ते कळलं नाही तरी मान हलवून येतो. कानाचं मशीन लावायला तू दोनदा घेऊन गेलीस, दोन्ही वेळा मीच परत फिरलो. बहिरा म्हणतील म्हणून. तू मात्र गाजावाजा न करता जागा बदललीस. त्याने माझी भूक वाढली नाही की ताटात जास्त पडलं नाही, नुसतं ऐकू आलं. कॉलेजकडे तू मागतेस ते एवढंच ना?

आता कामाचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'डिप्रेशन, अँक्झायटी' असून उपयोग नाही, असं दादा म्हणतो. ऑफिसातला माणूस ते वाचून 'बरं' म्हणतो आणि फाईल मिटतो. काय होत नाही आणि त्यावर काय हवं, ते लिहून घे. गोळीने सकाळी गुंगी असते, म्हणून पहिल्या तासाच्या हजेरीत सवलत. मोठ्या हॉलमध्ये छाती धडधडून हात थांबतो, म्हणून परीक्षेला लहान खोली किंवा दाराजवळची जागा. डोस बदलला त्या आठवड्याची गैरहजेरी मेडिकलमध्ये. व्हायवा सगळ्या वर्गासमोर नको, एकटीची. आणि हे इंटर्नल्सच्या आधी द्यायचं. हजेरीची शॉर्टेज लागून हॉल तिकीट अडलं की मग मागचं कुणी उकरून काढत नाही.

सरांना सगळं सांगायची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजाराची गोष्ट गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. सोय काय ते सरांना कळलं म्हणजे झालं, आजार तो संबंधित ऑफिसपुरता. कॉलेजच्या कौन्सेलर मॅडमपुढे कानडीत रडता येत नाही म्हणतेस, ते मला पटतं. शिव्या आणि रडणं आईच्याच भाषेत येतं. मराठी येणारं कुणी आहे का विचारून तर बघ. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक समुपदेशक हवाच असं सांगितलंय, तेव्हा विचारायला लाजू नकोस. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर आधी आईला फोन लाव, माझ्या उशाशी फोन वाजून वाजून बंद होईल. आणि १४४१६ कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव. तो सरकारचा टेलिमानस, मनाच्या त्रासात बोलायचा फोन नंबर, चोवीस तास, मराठीतसुद्धा बोलतात.

गोळ्या आजीच्या सांगण्यावरून बंद करू नकोस. तिला मी समजावलं. असर यायला काही आठवडे लागतात आणि मधेच एकदम सोडल्या तर त्रास होतो, हे डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, ते मी तिला ओरडून सांगितलं. आपल्या घरात दोघांना कमी ऐकू येतं, काय करणार.

चहाच्या टपरीवर परवा एकजण म्हणाला, "पोरगी धारवाडला आहे म्हणे?" आणि हसला. आपल्याकडे धारवाड म्हटलं की कॉलेज नंतर आठवतं, १८४५ पासूनचं ते वेड्यांचं हॉस्पिटल आधी. एरवी मी पण हसलो असतो, पूर्वी हसलोही आहे. या वेळी म्हणालो, "हो, आहे. शिकते पण आणि डॉक्टरकडे पण जाते." त्याने चहा संपवला आणि गेला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या चंदगडला तरी कुठे वेगळं आहे.

सही निळ्या पेनने केलीय, तारीख घातलीय. पोस्टाने पाठवणार नाही. पुढच्या सोमवारी माग बंद ठेवून सकाळच्या बसने येतो. ऑफिसात तूच बोल, मी नुसता बसेन. फक्त खुर्ची माझ्या उजवीकडे ओढून घे.

तुझे
बाबा