जनसंपर्कात यायचे, तर आधी प्रेसनोट लिहायला शिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांमध्ये जनसंपर्क क्षेत्रावर एखादा तरी लेख येतो. बोलण्याची आवड हवी, व्यक्तिमत्त्व छाप पाडणारे हवे, ओळखी भरपूर हव्यात, असे त्यात लिहिलेले असते. ते वाचून आलेली मुले पहिल्या तीन-चार महिन्यांतच गोंधळतात, कारण सुरुवातीची दोन वर्षे त्यांना फारसे बोलायचे नसतेच. लिहायचे असते, पेपर वाचायचे असतात आणि याद्या चोख ठेवायच्या असतात. त्यातही महाराष्ट्रात ज्याला नेटके मराठी लिहिता येते त्याच्या हाताला काम आहे, आणि नेमकी हीच गोष्ट कुठे मन लावून शिकवली जात नाही. या क्षेत्रात काम करणारे आम्ही काही जण म्हणून हे पत्र लिहीत आहोत. थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

नवख्यासाठी सर्वांत मोठे दार म्हणजे मुंबई-पुण्यातल्या जनसंपर्क एजन्सी. तिथले पहिले पद अकाउंट एक्झिक्युटिव्हचे. या अकाउंटचा जमाखर्चाशी संबंध नाही, अकाउंट म्हणजे ग्राहक कंपनी. एका वेळी तीन-चार ग्राहकांचे काम अंगावर येते, त्यामुळे एजन्सीत शिकायला भरपूर मिळते. कंपन्यांचे स्वतःचे संवाद विभाग सहसा अनुभवी माणसेच घेतात. रुग्णालये, विद्यापीठे, सहकारी बँका, महापालिका, महावितरण अशा ठिकाणीही जनसंपर्काचे काम असते. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकारीपदे एमपीएससीमार्फत भरली जातात. तिथे पदवी-पदविकेबरोबर अनुभवाचीही अट असते, ती जाहिरातीत नीट वाचून मगच वर्षे खर्ची घालावीत.

पदवी कोणतीही चालते. भारतीय जनसंचार संस्थेचा दिल्लीतला जाहिरात व जनसंपर्क पदविका अभ्यासक्रम नावाजलेला आहे. त्याच संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात. महाराष्ट्रात काम करायचे असेल, तर आमच्या मते दुसरा अभ्यासक्रमही पहिल्याइतकाच उपयोगी पडेल. बातमी आतून कशी तयार होते हे ज्याला कळते, त्याची प्रेसनोट, म्हणजे दैनिकांना पाठवायचे प्रसिद्धिपत्रक, सहसा परत येत नाही.

फी न भरता करता येण्याजोगा एक अभ्यास मात्र सर्वांना सांगावासा वाटतो. महासंचालनालयाच्या ‘महासंवाद’ संकेतस्थळावर रोज मराठी प्रेसनोट येतात. त्यातली एक निवडावी, छापून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या दैनिकांत ती बातमी शोधावी. कोणते वाक्य तसेच राहिले, कोणते उडाले, शेवटच्या परिच्छेदातला कोणता आकडा उचलून मथळ्यात गेला, हे पेन्सिलीने खुणा करून पाहावे. एका दैनिकाने बातमी घेतलीच नसेल, तर का घेतली नसेल याचा तर्क एका ओळीत लिहून ठेवावा. हे ३० दिवस केले की बातमी कशाला म्हणतात ते हाताला कळू लागते.

आता प्रेसनोट. ती एका पानाची असावी, २५० ते ३५० शब्दांची. मथळा सहा ते आठ शब्दांचा. पहिला परिच्छेद ३५-४० शब्दांत संपावा आणि त्यात कोण, काय, कधी, कुठे आणि मुख्य आकडा यावा. दैनिकाच्या डेस्कवरचा, म्हणजे संपादकीय टेबलावरचा, उपसंपादक जागेप्रमाणे मजकूर खालून कापत वर येतो, म्हणून शेवटच्या परिच्छेदात ठेवलेली महत्त्वाची गोष्ट वाचकापर्यंत सहसा पोहोचत नाही. ‘बँकेचा सुवर्णमहोत्सवी सोहळा मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ या वाक्यात माहिती काहीच नाही. ‘बँक १ तारखेपासून गृहकर्जाचा व्याजदर पाव टक्क्याने कमी करणार आहे’ हे वाक्य टिकते. सोहळ्याचा उल्लेख त्याच्यामागे एका ओळीत पुरतो. अध्यक्षांचे म्हणणे एकदाच, दोन वाक्यांत घ्यावे, आणि ते माणूस तोंडाने बोलेल असे असावे. ‘ही घोषणा करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’ हे मूळ इंग्रजी नोटेतून उचललेले वाक्य डेस्कवर सर्वांत आधी कापले जाते.

इथेच मोठी चूक होते. बहुतेक एजन्सींमध्ये नोट आधी इंग्रजीत तयार होते, ग्राहकाकडून चार वेळा तपासून येते आणि शेवटच्या तासात भाषांतराला जाते. भाषांतरकाराला विषय माहीत नसतो, वेळही नसतो. मग ‘जी या क्षेत्रातील आघाडीची कंपनी आहे, तिने’ अशी वाक्ये तयार होतात. ज्याला मराठी येते त्याने मंजूर झालेल्या इंग्रजी नोटेतले मुद्दे आणि आकडे घ्यावेत, मूळ मजकूर बाजूला ठेवावा आणि मराठीत नव्याने लिहावे. नाशिकच्या आवृत्तीसाठी नाशिकचा आकडा पहिल्या परिच्छेदात आणावा, कोल्हापूरसाठी कोल्हापूरचा. एवढ्याने बातमी लागण्याची शक्यता किती वाढते, हे करून पाहिल्याशिवाय पटणार नाही.

आकड्यांत घात होतो तो मिलियन-बिलियनमुळे. १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी. अडीच मिलियन म्हणजे २५ लाख. घाईत त्याचे अडीच कोटी झाले, तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आणण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात. नावांचेही तसेच. इंग्रजी स्पेलिंगवरून काळे की काले, डांगे की दांगे, हे कळत नाही. त्या व्यक्तीला फोन करून विचारावे, अंदाज करू नये. गावांच्या नावांत दैनिकाची पद्धत पाहावी. एक दैनिक कराड छापते, दुसरे कऱ्हाड.

मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांची रांग दिसते. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला की वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. म्हणून वर्ड फाइल जोडावी आणि तोच मजकूर मेलमध्येही चिकटवावा. तो पानाच्या फॉन्टमध्ये बदलताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होणे हा नेहमीचा अपघात आहे. तो आपल्या हातात नाही, पण मथळ्यात असा शब्द टाळणे आपल्या हातात आहे.

छायाचित्र वर्ड फाइलमध्ये डकवू नये. जेपीजी स्वरूपात स्वतंत्र जोडावे, साधारण २००० पिक्सेल रुंदीचे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की ते आकसते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. छायाचित्राखालच्या ओळीत नावे डावीकडून क्रमाने द्यावीत. समईभोवती उभ्या आठ जणांचे छायाचित्र क्वचितच लागते. यंत्रावर काम करणारी बाई, तपासणी करणारा डॉक्टर, शेतात उभे असलेले उपकरण, असे काही असेल तर ते घेतले जाते.

वेळेचे गणित प्रत्येक दैनिकाचे निराळे असले, तरी जिल्हा आणि तालुक्याची पाने शहराच्या पानांआधी लागतात, कारण गाड्यांना लांब जायचे असते. नोट दुपारी ४ पर्यंत गेली पाहिजे. संध्याकाळी ७ ला पाठवलेली नोट बातमीदार वाचत नाही यात त्याचा दोष नाही. रविवारी सरकारी कार्यालये बंद असल्याने बातम्या कमी असतात आणि सोमवारच्या अंकात जागा मिळते. छोट्या संस्थांनी याचा उपयोग करावा. उलट २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला अनेक दैनिकांना सुटी असते, दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. त्या दिवशीचा कार्यक्रम छापून येईपर्यंत दोन दिवस शिळा होतो.

‘प्रेसनोट मिळाली का?’ एवढेच विचारायला संध्याकाळी फोन करणे ही नवख्यांची सर्वांत जास्त त्रास देणारी सवय. फोन करायचाच तर दुपारी बाराच्या सुमारास, आणि नोटेत नसलेली काही माहिती, आकडा किंवा मुलाखतीची वेळ हातात घेऊन. एकाच मेलमध्ये दीडशे बातमीदारांचे पत्ते सर्वांना दिसतील असे टाकू नयेत, बीसीसी वापरावे. यादीत बातमीदाराचे नाव, बीट (त्याच्याकडे असलेला विषय), आवृत्ती आणि फोनची सोयीची वेळ असावी आणि ती दर महिन्याला तपासावी, कारण माणसे दैनिके आणि बीट बदलतात. आरोग्याची नोट क्रीडा प्रतिनिधीकडे गेली, की पुढच्या वेळी योग्य नोटही न उघडता पुसली जाते.

पत्रकार परिषदेबद्दल एवढेच: मेलने भागत असेल तर घेऊ नये. घ्यायचीच तर वक्ते दोन, बोलणे १५ मिनिटे, प्रश्नांना त्याहून जास्त वेळ. वाहिन्यांसाठी मराठीत वीस-तीस सेकंदांत मुद्दा सांगू शकणारा माणूस हवाच. त्या दिवशी महापालिकेची सर्वसाधारण सभा आहे का, हे तारीख ठरवण्याआधी पाहावे. आणि संभाव्य २० प्रश्नांची उत्तरे लिहून वक्त्याकडून म्हणवून घ्यावीत, विशेषतः त्याला नको असलेल्या प्रश्नांची.

संकटकाळी काय करायचे, हे शिकायला कॅडबरीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली. कंपनीने सुरुवातीला दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवले. त्यात तथ्य असेलही, पण आईबापांना अळीचे काय ते ऐकायचे होते, दुकानदाराचा दोष ऐकायचा नव्हता. पुढे कंपनीने दुकानदारांसाठी ‘प्रोजेक्ट विश्वास’ मोहीम काढली, जानेवारी २००४ मध्ये वेष्टन बदलले आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिराती केल्या. हा क्रम ध्यानात ठेवावा: वेष्टन आधी बदलले, जाहिरात मग आली. नवख्याच्या वाट्याला अशा वेळी पहिल्या तासाचे निवेदन येते. ते चार वाक्यांचे असावे: काय घडले, आत्ता काय करत आहोत, कोणाशी संपर्क साधावा, पुढची माहिती किती वाजता देऊ. कारणांचा अंदाज त्यात घालू नये. आणि दिलेली वेळ पाळावी, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी.

काही गोष्टींत तडजोड नको. बातमीसाठी पैशाचे पाकीट देऊ नये, वरिष्ठांनी सांगितले तरी. २००९च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल दिला, आणि त्या व्यवहाराला दोन बाजू होत्या हे आमच्या क्षेत्राने विसरू नये. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा आर्थिक निकाल आधी बाजाराला कळवायचा, मग बातमीदारांना. तो आधी मित्राच्या कानावर घालणे सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार करण्याच्या) नियमांचा भंग ठरू शकते आणि कारवाई होऊ शकते. रुग्णाचे नाव किंवा छायाचित्र लेखी संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये.

बातमीने व्यापलेली जागा मोजून, जाहिरातीच्या दराने गुणून ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असे अहवालात लिहायची पद्धत अजून आहे. २०१० मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन हे मूल्यमापन चुकीचे असल्याचे मान्य केले, कारण टीका करणारी बातमीही जागा तेवढीच व्यापते. वरिष्ठ मागतील तेव्हा तो आकडा द्यावा लागेल, पण त्याच्याशेजारी किती चौकशीचे फोन आले, किती लोकांनी नोंदणी केली, हेही लिहायची सवय लावावी.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या जाड फाइलीपेक्षा पाच कागद न्यावेत: दोन मराठी प्रेसनोट, एक इंग्रजी, एका जिल्ह्याची माध्यमांची यादी (फोन क्रमांक झाकून) आणि एखाद्या कंपनीसाठी दहा अवघड प्रश्नोत्तरे. अनेक एजन्सी जागेवरच अर्ध्या-पाऊण तासात नोट लिहायला देतात, त्यामुळे घड्याळ लावून सराव करावा. इंटर्नशिप पगाराविना असेल, तर तिचा कालावधी आणि काम लेखी मागावे. त्यात संकोच वाटू देऊ नये.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. प्रेसनोट कोणत्या पत्त्यावर, किती वाजेपर्यंत, कोणत्या स्वरूपात हवी आणि कोणत्या प्रकारच्या नोट आपण घेत नाही, याची चौकट दैनिकाने महिन्यातून एकदा छापावी, आवृत्तीनुसार. चार ओळींची जागा लागेल. तालुक्यातल्या महिला बचत गटाला आणि पहिल्यांदाच नोट लिहिणाऱ्या मुलीला आज ही माहिती ओळखीनेच मिळवावी लागते.

आपले,
जनसंपर्क क्षेत्रातील काही वाचक, पुणे