खिडकीची जागा

प्रिय सुमे,

आधी शिव्या दे, मग वाच. आठ महिने झाले तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही आणि आता लिहितेय तेही स्वतःच्या थोबाडाबद्दल. पण हे तुलाच कळणार. हसशील, पण तो तुझा हक्कच आहे.

झालं असं की ऑफिसचं नवीन ओळखपत्र करायचं होतं, फोटोवाल्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली न् म्हणाला, मॅडम डावी बाजू जरा टचअप करू का. डावीच का रे बाबा? बघितलं तर सुमे, एका तोंडाची दोन वयं. उजवा गाल ठीकठाक, आणि डावीकडे डोळ्याच्या कडेपासून पार कानापर्यंत बारीक रेघा, गालाच्या हाडावर दोन तपकिरी डाग. डावीकडे काय आहे माहितीये? खिडकी. अकरा वर्षं माझं टेबल खिडकीला चिकटून आहे आणि ती जागा मी भांडून मिळवलेली. हं, आता हस.

मग माझं डोकं फिरलं. एका रात्रीत रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, हायलुरोनिक, कोलॅजेन क्रीम, वर ग्लायकोलिक ॲसिड, सगळं मागवलं आणि सगळं एकदमच थापलं, रोज. पाचव्या दिवशी नाकाच्या कडेने पापुद्रे सुटायला लागले, दात घासताना ओठांचे कोपरे असे चरचरले की डोळ्यांत पाणी. मीटिंगमध्ये बॉस बोलतोय आणि माझ्या काळ्या कुर्त्यावर माझीच कातडी पडतेय.

शेवटी गेले डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी माझी पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक बाटली बाजूला करत गेल्या. कोलॅजेन क्रीम आधी. कोलॅजेन म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, त्याचा रेणू साधारण ३ लाख डाल्टनचा (रेणूचं वजन मोजायचं माप गं) आणि कातडीतून ५०० डाल्टनच्या वरचं सहसा आत शिरत नाही, म्हणजे सोफासेट लेटरबॉक्समधून आत टाकण्यातला प्रकार. ओलावा राहतो, बास. हायलुरोनिकचं पण तेच, वरच्या थरात पाणी धरून ठेवतं, रेघा थोडा वेळ भरल्यासारख्या दिसतात, मग जैसे थे. व्हिटॅमिन सी खरं काम करू शकतं पण नखरे फार, आम्लता नीट हवी, उजेड न् हवा लागली की खराब होतं. माझी बाटली गंजाच्या रंगाची झालेली. कुठे ठेवता, म्हणाल्या. मी म्हटलं, खिडकीत. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. तू असतीस तर बोलली असतीस.

राहिलं रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार. हे मात्र खरं आहे गं. कातडी त्याचं दोन टप्प्यांत रेटिनॉइक ॲसिड करते आणि ते पेशीच्या केंद्रकात जाऊन सांगतं की बाई, नवीन कोलॅजेन बनव आणि आहे ते मोडू नकोस. तेच ॲसिड थेट हवं तर ट्रेटिनॉइन, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ते आधी मुरुमांचं औषध होतं, आणि वयस्कर पेशंटच सांगायला लागले की चेहरा गुळगुळीत वाटतोय, मग अमेरिकेतल्या क्लिगमन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या माणसांनी १९८६ मध्ये त्यावर पेपर काढला. पण वाटाण्याएवढंच घ्यायचं, रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, आणि तीन ते सहा महिने वाट बघायची. गरोदरपणात अजिबात नाही (आपला तो प्रश्न मिटला). रेघा पुसल्या जात नाहीत, फिकट होतात. मला वाट बघणं कधी जमलंय?

आणि मग त्या म्हणाल्या, सनस्क्रीन लावता का. मी गप्प. हॉस्टेलवर तू खोलीत बसून पण लावायचीस आणि मी तुला भुताटकी म्हणायचे. काचेतून यूव्हीए, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण, आत येतं म्हणे, चटका बसत नाही म्हणून कळत नाही. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ मध्ये मेडिकल जर्नलात आला होता, खिडकीकडचा अर्धा चेहरा नुसता लोंबलेला. मी तो फोटो रात्री दोनला बघितला, नको बघूस. ऑस्ट्रेलियात तर साडेचार वर्षं ९०० माणसांना धरून बसले, हाताच्या मागच्या बाजूचे ठसे घेऊन तपासलं, रोज लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झालेली. म्हणजे वीस वर्षं तू बरोबर होतीस. लिहिलं, आता परत म्हणायला लावू नकोस.

आणि हो, परीक्षेच्या सकाळी तुझी ट्यूब हरवली होती ना, दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस? कपाटावर मीच टाकलेली. खिडकीकडच्या खाटेवरून भांडण झालं होतं त्याचा राग.

मला नक्की काय खुपतंय तेच कळत नाहीये. रेघांचं एवढं नाही वाटत. अकरा वर्षं, रोज आठ तास, मी त्याच खुर्चीत त्याच बाजूला तोंड करून बसले, आणि त्याची नोंद हजेरीपटाऐवजी गालावर झालीये, ते कसंतरीच होतं. घरी बोलले तर म्हणतात मग कशाला बघतेस आरशात.

बाकी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसाय? चिनूचं ॲडमिशन झालं का, का अजून लिस्टच लागतायत? नवीन घराचे फोटो पाठव.

काल ॲडमिनला जाऊन जागा बदलून मागितली. भिंतीकडचं टेबल रिकामं आहे म्हणाला, ट्यूबलाइटखाली. जाऊन बसून बघितलं, पाच मिनिटं. मग परत येऊन काचेला फिल्म लावायचा अर्ज टाकला. जागा काही मी सोडत नाही.

तुझीच,
वंदी