आधी पाषाण, मग म्युनिक

पुणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर इलेक्ट्रॉनिक्सच्या डिग्रीनंतर पुढे काय, हा विषय निघाला. तू जर्मनी म्हणालीस, आई एम.टेक.साठीची गेट परीक्षा म्हणाली, आत्यानं मध्येच आयटीची ऑफर सोडू नको म्हणून सांगितलं आणि माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं. पण फुकट काही नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. ते महिन्याला ९९२ असे तुलाच परत मिळतात, पण आधी उभे तर करायला हवेत! शिवाय एपीएसचं, म्हणजे आपली डिग्री तपासल्याचं प्रमाणपत्र. आणि तू ज्या म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं नाव घेतेस, तिनं २०२४ पासून युरोपबाहेरून येणाऱ्या नव्या मुलांना फी लावली आहे. पैशांचं बघू गं, तो माझा प्रश्न. पण ‘एम्बेडेड किंवा चिप डिझाइनचं व्हीएलएसआय, नाहीतर कम्युनिकेशन’ एवढ्या मोघम उत्तरावर कर्ज काढायला माझं मन घेत नाही.

मला विचारशील तर तू एम्बेडेडची, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या छोट्या कॉम्प्युटरची आहेस. दिवाळीत तुझ्या प्रोजेक्टचं बोर्ड रिले सुटला की रीसेट व्हायचं. तू आधी कोड उकरलास, मग सप्लाय बदललास. शेवटी स्कोपवर पाहिलं, तर रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारत होती. पासोड्या विठोबाजवळून डायोड आणलास, कॉइलवर उलटा टाकलास आणि बोर्ड गप्प चालायला लागलं. जेवण गार झालं तरी तू टेबल सोडलं नव्हतंस. भोसरीत कंट्रोल पॅनलच्या धंद्यात इतकी वर्षं मुलं पाहतोय. असा चिवटपणा डिग्रीच्या कागदावर दिसत नाही.

म्हणून माझं मत: सी-कॅट ही प्रवेश परीक्षा दे आणि पाषाणला सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा डिप्लोमा कर. साधारण सहा महिन्यांचा कोर्स, राहणं घरी. दिवसभर डिव्हाइस ड्रायव्हर, आरटीओएस असल्या हार्डवेअरला चिकटलेल्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बघ. तेव्हाही गोडी टिकली तर जर्मनीला त्याच विषयात जा. नाही टिकली, तर सहा महिन्यांतच कळेल. हिंजवडी-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम भरपूर आहे, तिथे कॅनबस, म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती पद्धत, येणारी माणसं लागतातच.

गेटचं आईचं म्हणणं सोडून देऊ नकोस. स्कोअर तीन वर्षं चालतो, एम.टेक.ला महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं आणि काही सरकारी कंपन्या त्यावरच भरती करतात. पण नुसतं ‘देऊन ठेवते’ म्हणून देण्यात अर्थ नाही, तिथे अभ्यास लागतो. विज्ञान दिनाला तुला खोडदला रेडिओ दुर्बिणीकडे नेलं होतं ना, ४५ मीटरच्या ३० अँटेना पाहायला? त्यांचे रिसीव्हर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्याच हातचे. ती दुर्बीण चालवणारी संस्था एनसीआरए आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेव.

राहिली आयटीची ऑफर. आत्याचा जीव तिच्यात अडकलाय, कारण तिच्या मोठ्याचं तिथे बरं चाललंय. मला पगारापेक्षा बाँडची काळजी. ऑफर लेटरची सगळी पानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, नुसतं पहिलं पान पाठवू नकोस. बाँड किती वर्षांचा आणि मध्ये सोडला तर किती भरायचे, ते वाचल्याशिवाय सही करू नकोस.

तुझा,
बाबा